खालच्या सलेतला आशीर्वाद

१

मार्सेयहून गावी आल्या दिवसापासून अम्राम रोज सकाळी उशीर करत होता, आणि वेळेवर जाण्याला लागली असती त्याहून अधिक काळजी त्याला या उशिरासाठी घ्यावी लागत होती. सेतीआत्या पुदिन्याचा चहा आणि स्फेंजच्या, म्हणजे तळलेल्या पिठाच्या, गरम कड्या पुढे ठेवी. तो एकच कडी चिमटीचिमटीने तोडत बसे. आत्या म्हणे, "मार्सेयला असाच जेवतोस का रे? मग दुकान कोण उघडतं, शेजारी?" तो हसे, प्रार्थनेच्या शालीची पिशवी काखेत मारी आणि निघे. पुलावर थांबून नदीचे पाणी पाही. चेरीवाल्यांच्या टोपल्यांपाशी उगाच भाव विचारी. अशा रीतीने तो खालच्या सलेच्या दाराशी पोचे, तेव्हा आतली प्रार्थना त्याला हवी तेवढी पुढे सरकलेली असे.

गावातले यहुदी सिनेगॉगला सला म्हणत. ही सला सर्वांत जुनी. शतकानुशतके गल्लीवर माती चढत गेली आणि सला होती तिथेच राहिली, म्हणून तिच्यात पायऱ्या उतरून जावे लागे. ज्या हातांनी सुलतानाच्या मदरशाच्या भिंती कोरल्या, त्याच हातांनी हिच्याही कोरल्या, असे म्हातारे सांगत.

अम्रामला टाळायचा होता तो याजकांचा आशीर्वाद. आरोनच्या वंशातल्या पुरुषांना, कोहेनांना, रोज सकाळी देवपेटीसमोरच्या, म्हणजे धर्मग्रंथाच्या कपाटासमोरच्या, चौथऱ्यावर चढावे लागते. जोडे काढून, हात धुऊन, शाल डोक्यावरून ओढून ते लोकांकडे तोंड करतात. प्रार्थना चालवणारा एकेक शब्द पुकारतो आणि कोहेन तो शब्द उचलून लोकांवर ओततो. सभेत कोहेनच नसेल तर पुकारण्याचा प्रश्न येत नाही. प्रार्थना चालवणारा तेच शब्द स्वतः, न थांबता, वाचून पुढे जातो. अम्रामचे वडील याह्या गेल्यापासून, म्हणजे वर्षभर, खालच्या सलेत कोहेन उरला नव्हता. अम्राम कोहेन होता.

त्या बुधवारी तो पायऱ्यांच्या वरच्या टोकाला उभा राहिला. दार बंद होते. आतून प्रार्थना चालवणाऱ्या रब्बी मखलूफचा घोगरा आवाज आला. एक शब्द, आणि मग शांतता. त्या शांततेत दुसऱ्या आवाजाने तोच शब्द लांबवून, सावकाश म्हटला. पुन्हा रब्बी मखलूफ. पुन्हा तो दुसरा आवाज.

अम्रामच्या छातीवरून ओझे उतरल्यासारखे झाले. कोणीतरी कोहेन आला असावा. जवळच्या फेज शहराहून असेल, पाहुणा असेल. आता कोणी आपली वाट पाहणार नाही. त्याने शेवटचा शब्द संपेपर्यंत धीर धरला आणि दार लोटून आत पाऊल ठेवले.

आत नेहमीचेच म्हातारे होते, कसेबसे दहा. चौथऱ्यावर कोणी नव्हते.

२

खालची सला बाहेरून काहीच नव्हती, एक पांढरी भिंत आणि लाकडी दार. आत शिरले की घोड्याच्या नालासारख्या कमानी एकामागून एक उभ्या राहत, आणि त्यांच्यावरचे चुन्याचे कोरीवकाम जाळीसारखे झिरझिरीत होत वर देवदाराच्या छतापर्यंत जाई. वेलींच्या गुंत्यातून स्तोत्रांची हिब्रू अक्षरे डोकावत. जमिनीवर हिरव्यापांढऱ्या फरशीच्या चांदण्या होत्या. छताला काचेचे तेलदिवे टांगलेले होते, गेलेल्या प्रत्येकासाठी एक. या दालनात आवाज हरवत नसे. कोणी कमानीशी पुटपुटले तर ते समोरच्या भिंतीपाशी स्पष्ट ऐकू येई. लहानपणी अम्राम आणि त्याचे मित्र या गोष्टीचा खेळ करत.

प्रार्थना संपल्यावर त्याने सलेचा सेवेकरी मसऊद याला गाठले. मसऊद लेवी कुळातला होता. कोहेनांच्या हातांवर पाणी घालणे हा लेवींचा मान, आणि मसऊदने तो मान अम्रामच्या आजोबांपासून सांभाळला होता. तांब्याची झारी तो अजून रोज घासून चौथऱ्याशी ठेवत असे.

"मसऊदकाका, आज चौथऱ्यावर कोण होतं?"

"कोण असणार? धूळ होती. ती मी पुसली."

"मी बाहेर ऐकलं. रब्बी मखलूफ पुकारत होते आणि कोणीतरी म्हणत होतं."

मसऊदने त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिले. "मखलूफला पुकारायला कोण आहे? वर्षभर तो एकटाच गडगड वाचून टाकतो, गाढवाला डोंगर उतरवल्यासारखा. तुझ्या कानात मार्सेयचं समुद्राचं पाणी गेलंय, मुसिऊ." मग झारी उचलून त्याने तिच्या तळाकडे पाहिले आणि आवाज उतरवून म्हटले, "रोज आशीर्वाद झाल्यावर येतोस. लोक म्हणतात आळशी झाला. मी म्हणतो, बापाच्या जागी उभं राहायचं, मन जड होत असेल. पण शनिवारी याह्याची वर्षतिथी आहे. शनिवारी उशीर करू नकोस, बाळा. आम्ही वर्षभर कोरडे आहोत. पुढच्या वर्षी इथे दार उघडायला तरी कोण असेल?"

अम्रामने मान हलवली. ती होकाराची मान होती, आणि ती हलत असतानाच त्याला तिची लाज वाटली.

चौथऱ्याच्या पायथ्याशी वडिलांच्या पिवळ्या चामड्याच्या सपाता तशाच ठेवलेल्या होत्या. त्या उचलायला कोणाचा हात झाला नव्हता. अम्रामने वाकून एकीत बोटे घातली. वर्षभर न वापरलेले चामडे खरे तर खडखडीत व्हायला हवे. ते आतून मऊ आणि ओलसर होते.

जुन्या इमारतींत ओल असतेच, असे त्याने मनाशी म्हटले, आणि बोटे कोटाला पुसली.

३

कोहेनाने घटस्फोटितेशी लग्न करू नये, असा धर्माचा दंडक आहे. विधवेशी केले तर चालते. ज्याने तो दंडक मोडला त्याला ते लग्न असेतोवर चौथऱ्यावर चढता येत नाही, आशीर्वाद देण्यासाठी हात उचलता येत नाहीत.

अम्रामच्या बायकोचा, फ्रेहाचा, पहिला नवरा मोगादोरला कापड विकत होता आणि चांगला धडधाकट होता. त्याने तिला घटस्फोट देऊन टाकले तेव्हा ती फार तरुण होती. अम्रामला ती मार्सेयला भेटली, बंदराजवळच्या एका खानावळीत, आणि त्याच्या आयुष्यात जे काही उबदार होते ते सगळे तिच्यापासून सुरू झाले. लग्नाच्या वेळी तिथल्या रब्बीने विचारले, तुम्ही कोहेन आहात का? कागदावर त्याचे नाव अम्राम कोहेन-नज्जार असे असायला हवे होते. त्याने फक्त नज्जार लिहिले होते. नाही, असे उत्तर त्याने दिले. फार सोपे गेले ते. रब्बीने मान डोलावली आणि पुढचा प्रश्न विचारला.

फ्रेहाला हे सगळे ठाऊक होते. या वेळी निघताना तिने त्याची पेटी भरून दिली आणि म्हणाली, "माझ्याबद्दल विचारतील. खरं सांग. मी काही कोणाचं चोरून आणलेलं भांडं नाही."

सेतीआत्याने पहिल्याच संध्याकाळी विचारले. तुझी बायको आधी कोणाची होती म्हणतात, ते काय? अम्रामच्या तोंडून शब्द आले, "विधवा होती, आत्या." आत्याने गालावर हात ठेवला, हळहळली, त्या बिचाऱ्याचे नाव विचारून घेतले. दुसऱ्या दिवशी सलेत गेल्यावर अम्रामला वडिलांच्या दिव्याशेजारी एक नवा दिवा टांगलेला दिसला. आत्याने आपली बांगडी मोडून तो आणला होता. गेलेल्याला आपले असे कोणी नसेल, कोणीतरी त्याच्यासाठी उजेड करावा, असे तिचे म्हणणे.

मोगादोरला एक माणूस त्या वेळी कापड मोजत असेल, गिऱ्हाइकाशी हुज्जत घालत असेल, आणि इथे त्याच्या नावाने वात जळत होती. खरे म्हणजे जळतही नव्हती. मसऊद रोज कुरकुर करी, की तेल नवे, वात नवी, तरी हा एकच दिवा का विझतो कोण जाणे. अम्राम त्या दिव्याखाली बसायचे टाळत असे.

रात्री अंथरुणावर पडल्यावर त्याला वडिलांची शाल आठवली. कोहेनाच्या मुलांना लहानपणी बापाबरोबर चौथऱ्यावर उभे करतात. याह्या आपली शाल मुलाच्या डोक्यावरूनही ओढून घेत. त्या पांढऱ्या अंधारात लोक दिसत नसत, देवपेटी दिसत नसे. दिसत फक्त पाय, फरशीवर शेजारी शेजारी. याह्यांच्या पायाचे दुसरे बोट अंगठ्यावर चढलेले होते. अम्रामचेही तसेच होते. सगळ्या नज्जारांचे तसेच असते, असे वडील अभिमानाने सांगत, जणू ते बोटही वंशपरंपरेने आरोनपासून उतरत आले होते. अम्रामच्या डाव्या पायावर मात्र आणखी एक खूण होती, ती कोणाची नव्हती. लहानपणी शेगडीतला निखारा पडून भाजले होते, त्याचा बदामाएवढा गुळगुळीत डाग राहिला होता. फ्रेहा थट्टेत म्हणे, सगळा माणूस हरवला तरी मी या बदामावरून ओळखीन.

४

गुरुवारी तो पुन्हा पायऱ्यांच्या टोकाशी उभा राहिला. या वेळी मुद्दाम. गल्लीत पखालवाल्याचे गाढव उभे होते, कुठे तरी रेडिओवर गाणे लागले होते. तरी आतला आवाज स्पष्ट होता. रब्बी मखलूफ शब्द पुकारत होते, आणि दुसरा आवाज तो शब्द उचलत होता.

अम्रामने विचार केला. दालनात आवाज फिरतो, हे त्याला लहानपणापासून ठाऊक होते. रब्बी मखलूफचेच शब्द कमानींवरून परत येत असतील. पण प्रतिध्वनी मूळ आवाजाहून लांब नसतो, आणि हा आवाज शब्दाचे शेवटचे अक्षर धरून ठेवत होता, जणू ते सोडायला त्याचे मन होत नव्हते. असे अक्षर धरून ठेवण्याची रीत त्याने एकाच घरात ऐकली होती.

बाबा, असे त्याच्या मनात आले, आणि त्याला भीतीच्या आधी लाज वाटली. बाबांना सगळे कळले असणार.

मग आतला आवाज एका शब्दावर किंचित अडखळला. याह्या कधीच अडखळले नव्हते. त्या शब्दापाशी जीभ अडकते ती अम्रामची. लहानपणी वडील त्याला तिथेच थांबवत आणि पुन्हा म्हणायला लावत.

त्याने दार ढकलले. रब्बी मखलूफ पुढच्या बाकाशी उभे राहून, मान खाली घालून, भरभर वाचत होते. थांबत नव्हते. म्हातारे पेंगत होते. कोणीही वळून पाहिले नाही.

चौथऱ्याच्या पायरीवर एक ओले पाऊल उमटले होते. उन्हाळ्याचे दिवस होते, पाऊस नव्हता, आणि मसऊदच्या झारीवर अजून फडके झाकलेले होते. पाऊल अरुंद होते. अंगठ्याचा ठसा अर्धाच उमटला होता, कारण शेजारचे बोट त्याच्यावर चढलेले असावे.

प्रार्थना संपल्यावर मसऊद फडके घेऊन आला आणि अम्रामच्या डोळ्यांदेखत त्याने ते पाऊल पुसले. रोजचे काम असावे तसे पुसले.

"हे काय आहे, काका?"

"छत गळतं."

"या दिवसांत?"

"जुनं घर आहे. त्याला ऋतू कळत नाहीत." फडके पिळत त्याने विचारले, "शनिवारी येतोस ना?"

त्या वेळी सांगता आले असते. मसऊदकाका, मी चढू शकत नाही, एवढेच. पण का, असे त्याने विचारले असते, आणि मग फ्रेहाचे नाव या कमानींखाली घ्यावे लागले असते, आणि ते एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत गेले असते. अम्रामला उमगले की आपण फ्रेहाची अब्रू राखत नाही आहोत. आपल्याला तिचीच लाज वाटते आहे. ज्या बाईच्या हातचे जेवून आपण माणसांत आलो, तिची.

"येतो," तो म्हणाला.

५

शनिवारी सला भरल्यासारखी दिसत होती. फेजहून दोन-तीन कुटुंबे याह्यांच्या तिथीसाठी आदल्या दिवशीच आली होती. बायकांच्या सज्जात सेतीआत्या पुढे बसली होती आणि खाली पाहून शेजारणीला काही तरी सांगत होती. भाच्याबद्दलच असणार.

चढता येत नाही अशा कोहेनाने आशीर्वादाच्या आधी उठून सलेबाहेर जावे, अशी रीत आहे. अम्रामला ती ठाऊक होती. प्रार्थना त्या ठिकाणापाशी येऊ लागली तसे त्याने दाराकडे पाहिले. दार जवळ होते. पण ते आणि तो यांच्यामध्ये वर्षभर वाट पाहिलेले म्हातारे बसले होते, आणि त्यांतला एक, ज्याला नीट दिसतही नव्हते, त्याच्याकडे तोंड करून हसत होता.

मसऊद झारी घेऊन समोर उभा राहिला. अम्रामने हात पुढे केले. पाणी मनगटापर्यंत आले, गार होते. मसऊदचे हात थरथरत होते, आणि तो असे पाणी घालत होता की एक थेंबही वाया जाऊ नये.

"मोजे काढ," तो पुटपुटला. "तुझा बाप अनवाणी उभा राही."

"पाय गार पडतात, काका."

अम्रामने जोडे वडिलांच्या सपातांशेजारी ठेवले आणि काळ्या मोज्यांनिशी पायरी चढला. त्या फरशीला उघडा पाय लावायची त्याची छाती नव्हती.

त्याने देवपेटीकडे तोंड केले. शाल डोक्यावरून ओढली. पांढरा अंधार झाला, तसाच, लहानपणासारखा, लोकरीच्या आणि जुन्या तेलाच्या वासाचा. पाठीमागे लोकांनीही आपापल्या शाली तोंडावर घेतल्याची सळसळ ऐकू आली, कारण आशीर्वाद देणाऱ्याच्या हातांकडे पाहायचे नसते. आता त्याच्याकडे कोणी पाहत नव्हते. तो वळला. हात उचलले. आशीर्वादाआधी कोहेन देवाचे आभार मानतो, की तू आम्हाला आरोनच्या पावित्र्याने पवित्र केलेस. ते वाक्य त्याच्या ओठांपर्यंत आले आणि तिथेच राहिले. तोंड उघडेना. त्याने जोर केला, पण जबडा कोणीतरी हळुवार हाताने धरून ठेवावा तसा मिटलेला होता.

आणि ते वाक्य म्हटले गेले. त्याच्या उजव्या बाजूने, अगदी खांद्याशी, शालीच्या पलीकडून.

रब्बी मखलूफने पहिला शब्द पुकारला. शेजारचा आवाज तो घेऊन सावकाश लोकांवर ओतू लागला. अम्रामला मान वर करवेना. शालीच्या कडेखालून फरशीची हिरवी चांदणी दिसत होती आणि तिच्यावर त्याचे स्वतःचे काळे मोजे. त्यांच्या शेजारी दोन उघडे पाय होते.

ते ओले होते. पाणी फरशीवर पसरत पसरत त्याच्या मोज्याला लागले आणि गारवा बोटांत शिरला. दोन्ही पायांचे दुसरे बोट अंगठ्यावर चढलेले होते. बाबा, त्याने मनातल्या मनात हाक मारली. बाबा, मला क्षमा करा.

आवाज त्याच्या नेहमीच्या शब्दापाशी अडखळला, सावरला, पुढे गेला. त्या अडखळण्याबरोबर डावा पाय थोडा पुढे सरकला, भार बदलावा तसा, आणि उजेडात आला. त्याच्यावर बदामाएवढा डाग होता.

खाली कोणीतरी रडत होते. मग आणखी कोणी. शब्द संपत आले तशी सगळी सला मुसमुसू लागली. अम्राम हात उचलून, तोंड मिटून, उभा होता.

६

त्याला खाली उतरायला वेळच मिळाला नाही. म्हातारे चौथऱ्याशी गोळा झाले आणि त्याचे हात धरधरून चुंबू लागले. रब्बी मखलूफ म्हणाले की याह्या असता तर धन्य झाला असता. फेजच्या पाहुण्यांपैकी एकाने सांगितले की असा आशीर्वाद त्याने आयुष्यात ऐकला नाही, आणि हा माणूस मार्सेयला कापडाच्या दुकानात का सडतो आहे, असे विचारले. सज्जातून सेतीआत्याचा हुंदका आला आणि पाठोपाठ बायकांचा हर्षाचा लांबच लांब घोष.

मी एक शब्दही उच्चारला नाही, असे त्याने म्हणायला हवे होते. आता त्याला तोंड उघडता येत होते. त्याने ते उघडले आणि म्हणाला, "देव तुमचं भलं करो."

नंतर जेवणे झाली. रात्रभर शेकलेली अंडी, गहू, मांस, अंजिराची दारू, बाबांच्या आठवणी. अम्रामने प्रत्येकाला योग्य ती उत्तरे दिली. ऊन कलल्यावर तो विसरलेली पिशवी आणायला सलेत परतला. मसऊद एकटाच होता. चौथरा पुसून झाला होता, फडके पायरीवर वाळत पडले होते. छताला दोन दिवे शेजारी शेजारी होते. एक जळत होता.

"मसऊदकाका," अम्राम म्हणाला, "मला तुम्हाला काही सांगायचं आहे."

मसऊदने मागे वळून पाहिले नाही. झारी फडक्यात गुंडाळत राहिला. "मी तुझ्या हातांवर पाणी घातलं," तो म्हणाला. "फक्त हातांवर. माझा हात थरथरतो, पण सांडत नाही." फडक्याला गाठ मारून तो म्हणाला, "आम्हाला आशीर्वाद मिळाला, बाळा. कोणाकडून, ते विचारायचं वय गेलं आमचं."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

मसऊदने झारी कपाटात ठेवली. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. असता तर बरे झाले असते.

"उद्या थांबणार असशील तर उशिरा आलास तरी चालेल," तो म्हणाला.

७

मार्सेयला पोचला तेव्हा फ्रेहाने दार उघडले आणि त्याच्या चेहऱ्याकडे पाहून काही न विचारता चूल पेटवली. प्रवासाने त्याचे पाय सुजले होते. तिने परातीत गरम पाणी ओतले, मीठ टाकले, आणि त्याच्यासमोर पाटावर बसली. खिडकीत दुपारचे ऊन होते. खाली बंदराचा गलका चालला होता.

"सांगितलंस?" तिने विचारले.

त्याने खिडकीकडे नजर वळवली. ती समजली. तिने ओठ आवळले आणि त्याचा उजवा मोजा ओढून काढला. पेटी भरून देताना जसे तिचे हात चालत होते, तसेच आताही चालत होते. ते पाहणे त्याला सोसेना.

"विधवा केलंस ना मला?"

"हो."

"बरं केलंस," ती म्हणाली. "तो मेला म्हणजे मी चालते." मग तिने डावा मोजा काढला, पाय पाण्यात ठेवला, आणि सवयीने अंगठा त्या डागावरून फिरवायला गेली.

तिचा अंगठा थांबला. पुन्हा फिरला. तिने पाय पाण्यातून वर उचलून उजेडाकडे धरला.

"अरे," ती अर्धवट हसत म्हणाली, "बदाम कुठे ठेवून आलास?"

त्वचा साफ होती. तिथे कधी काही भाजले असेल असे वाटू नये इतकी साफ. फ्रेहाने दुसरा पायही उचलला, दोन्ही शेजारी धरले आणि तिचे हसू गेले. बोटे ओळीने, सरळ पडली होती, कोणाच्याही पायाची असावीत तशी.

तिने दोन्ही पाय पुन्हा पाण्यात ठेवले. मग तिने हळू आवाजात विचारले, "तिथे आशीर्वाद कोणी दिला?"

"अम्राम कोहेन-नज्जारने," तो म्हणाला. परक्या, थोर माणसाचे नाव घ्यावे तसे त्याने ते नाव घेतले, पुरते, काही न गाळता. कित्येक वर्षांत ते त्याच्या तोंडून आले नव्हते, आणि येताना ते त्याला आपले वाटले नाही.

फ्रेहाने टॉवेल पुढे केला. त्याने तो घेतला नाही. त्याने दोन्ही पाय परातीतून काढून बाकाखाली ओढून घेतले, ओलेच, तिला दिसू नयेत असे. लोकांचे जोडे चुकून घालून आलेल्या माणसासारखी त्याला त्या पायांची लाज वाटत होती, आणि ते परत कोणाला द्यायचे हे त्याला ठाऊक नव्हते.